गाडीची चकाकी : हाताने की यंत्राने ?

सकाळी कचेऱ्या उघडण्याच्या सुमारास तालुक्याच्या गावी एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. पंचायत समितीच्या आवारात उभ्या असलेल्या गाडीवर चालक कोरडे फडके फिरवीत असतो. रात्रभरात बसलेली धूळ झटकली जाते, गाडी स्वच्छ दिसू लागते आणि दिवसाचा दौरा सुरू होतो. या नित्यक्रमात कोणाला काही वावगे दिसत नाही. मात्र दोन-तीन वर्षांनी तीच गाडी उन्हात नीट न्याहाळली असता तिच्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतात, मूळची तकाकी लोपलेली असते आणि "गाडीला एकदा पॉलिश करून घेतले पाहिजे" असा विचार पुढे येतो.

गॅरेजमध्ये चौकशी केली म्हणजे दोन मार्ग सांगण्यात येतात. एक, हाताने रबिंग करून पॉलिश करणे. दुसरा, यंत्राने बफिंग करणे. यंत्राचे काम लवकर होते आणि अधिक चमकदार दिसते, म्हणून ते चांगले, असे काहींचे मत असते. उलट, यंत्र रंग खाऊन टाकते, हाताचे काम तेच खरे, असे काही जुने कारागीर आग्रहाने सांगतात. या दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, परंतु दोन्ही अपुरी आहेत. जिल्हा परिषदेची गाडी असो, प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका असो वा ग्रामपंचायतीचा पाण्याचा टँकर असो, ती सार्वजनिक पैशातून घेतलेली वस्तू असते. तिच्या रंगाची निगा कशी राखावी याचा निर्णय ऐकीव मतावर सोडून चालणार नाही. त्यासाठी पॉलिश म्हणजे नेमके काय, हे प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे.

कल्हई नव्हे, घासणी

पॉलिश केल्याने गाडीवर काहीतरी चमकदार द्रव्य चढते, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. आपल्या घरांतील भांड्यांचेच उदाहरण घेतले तर हा फरक सहज ध्यानात येईल. पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात तेव्हा त्यावर कथिलाचा नवा थर चढतो. तेच पातेले राख किंवा चिंच लावून घासले असता तेही लखलखते. पण त्या वेळी त्यावर काही चढलेले नसते, उलट वरचा काळवंडलेला भाग निघून गेलेला असतो. गाडीचे पॉलिश हे कल्हईच्या जातीचे काम नसून घासणीच्या जातीचे आहे. रंगाचा वरचा अतिसूक्ष्म भाग खरवडून काढावयाचा आणि खालचा अखंड, गुळगुळीत पृष्ठभाग उघडा करावयाचा, एवढेच त्यात घडते.

रबिंग कंपाउंड म्हणून जी मलमासारखी वस्तू वापरली जाते तिच्यात अत्यंत बारीक दळलेले कठीण कण मिसळलेले असतात. आज बहुतेक कंपाउंडांत हे कण ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असतात. ही वस्तू आपल्याला अगदीच अनोळखी नाही. निसर्गात सापडणारा कुरुंद तो हाच. चाकू-सुऱ्यांना धार लावण्यासाठी पिढ्यान् पिढ्या वापरात असलेल्या या खनिजाला इंग्रजीत जे नाव आहे ते दक्षिण भारतीय भाषांतून तिकडे गेलेले असून संस्कृतातील कुरुविंद हा शब्दही त्याच कुळातला मानला जातो. काठिण्याच्या दहा अंकी मापनात हिऱ्याला १० हा अंक दिला आहे, तर कुरुंदाला ९. सुरीला धार लावताना पाते प्रत्येक वेळी थोडे झिजते, हे आपण जाणतो. गाडीच्या पॉलिशमध्येही नेमके हेच घडते. म्हणून हाताने की यंत्राने, या प्रश्नाच्या पोटात खरा प्रश्न असतो तो किती झीज करावयाची आणि ती आपल्या ताब्यात राहील कशी, हा.

झिजण्याजोगे असते तरी किती ?

आधुनिक मोटारगाडीच्या पत्र्यावर रंगाचे साधारणपणे चार थर असतात. सर्वांत खाली, पत्र्याला लागून, विजेच्या साहाय्याने बसविलेला गंजरोधक थर असतो. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा थर आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर. या शेवटच्या थराला गॅरेजच्या भाषेत ‘क्लिअर कोट’ असे म्हणतात. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीवरील या सर्व थरांची एकत्रित जाडी बहुधा १०० ते १४० मायक्रॉनच्या दरम्यान भरते. एक मायक्रॉन म्हणजे एका मिलिमीटरचा हजारावा भाग. यांपैकी वरच्या पारदर्शक थराच्या वाट्याला सुमारे ३५ ते ५० मायक्रॉन येतात. माणसाच्या डोक्याचा केस साधारणतः ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या थरावर सर्व चकाकी अवलंबून आहे तो एका केसाइतकाही जाड नसतो.

हा थर केवळ शोभेसाठी नसतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण अडवून धरणारी द्रव्ये त्यात मिसळलेली असतात. थर जसजसा पातळ होतो तसतसे हे संरक्षण कमी होत जाते. तो फार विरला म्हणजे ठिकठिकाणी पांढुरका पडतो आणि त्याचे पापुद्रे निघू लागतात. मग खालचा रंग उघडा पडून विटतो. ऊन त्याच्याही खालच्या थरांपर्यंत पोचले म्हणजे तेही ढिले पडतात आणि अखेर पाणी पत्र्यापर्यंत जाऊन गंज धरतो. विदर्भातील कडक ऊन आणि कोकणपट्टीतील खारी हवा या दोन्हींना अशी उघडी जागा पुरेशी असते. पापुद्रे निघू लागल्यावर हाताचे किंवा यंत्राचे कोणतेही पॉलिश उपयोगी पडत नाही. तेवढा भाग नव्याने रंगविणे हाच एक उपाय उरतो.

ड्युकोचा काळ आणि आजचा काळ

हाताच्या कामाविषयी जुन्या कारागिरांचा जो आग्रह दिसतो त्याला इतिहासाचा आधार आहे. मोटारगाड्यांच्या आरंभीच्या काळात रंग आणि वार्निश ब्रशने चढवीत आणि एक गाडी रंगवून वाळण्यास कित्येक आठवडे लागत. १९२० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीने नायट्रोसेल्युलोजवर आधारलेला, फवाऱ्याने मारता येणारा व झपाट्याने वाळणारा ‘ड्युको’ नावाचा रंग तयार केला आणि १९२४ च्या ओकलंड मोटारींना तो लावण्यात आला. या रंगाचे नाव आपल्याकडेही इतके रुळले की फवाऱ्याने दिलेल्या कोणत्याही रंगाला, मग तो मोटारीवर असो वा लाकडी कपाटावर, ‘ड्युको’ म्हणण्याची पद्धत आजही कारागिरांत आढळते.

ड्युकोसारखे रंग वाळल्यावर आपोआप चकाकत नसत. कारागिराने ते हाताने घासून चकाकीला आणावयाचे, ही कामाची पद्धतच होती. अशा गाड्यांवर निराळा पारदर्शक थर नसे. रंग हाच सर्वांत वरचा थर होता आणि तो पुरेसा जाड असे. अँबॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्या ज्या काळात आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसत, त्या काळातील साध्या रंगांचीही हीच गोष्ट होती. उन्हाने रंग विटला, हात फिरविला असता खडूसारखी भुकटी बोटांना लागू लागली, की कारागीर कंपाउंड घेऊन बसे. फडक्यावर रंग उतरे, खालचा ताजा रंग वर येई आणि गाडी पुन्हा नवी दिसे. ते रंग तुलनेने मऊ असल्याने हाताच्या जोराला दाद देत.

पुढे परिस्थिती पालटली. अँबॅसॅडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि मुंबईच्या टॅक्सीसेवेतील अखेरची प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आजच्या गाड्यांवरील पारदर्शक थर भट्टीत तापवून पक्का केलेला व कठीण असतो. त्यावर पडलेल्या रेघा केवळ हाताने घासून काढणे फार कष्टाचे, आणि पुष्कळदा अशक्यप्राय असते. मात्र जुन्या जीपगाड्या, ट्रॅक्टर, ट्रॉल्या व टँकर यांच्यावर आजही रंगाचा थरच वर असतो. तेव्हा कामाला हात घालण्यापूर्वी गाडीवर कोणत्या प्रकारचा रंग आहे हे ओळखणे, ही पहिली पायरी होय. त्याची परीक्षा सोपी आहे. सहज न दिसणाऱ्या जागी पांढऱ्या फडक्याने थोडे पॉलिश चोळावे. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर वर पारदर्शक थर नाही. रंग उतरला नाही तर बहुधा तो आहे असे समजावे. पांढऱ्या गाडीसाठी अर्थातच गडद रंगाचे फडके घ्यावे.

रेघा येतात कोठून ?

रस्त्यावरील धुळीत वाळूचे, म्हणजे गारेचे बारीक कण असतात. काठिण्याच्या मापनात गारेचा अंक ७ आहे. काचेचा सुमारे ५.५. रंगाचा थर तर काचेहूनही पुष्कळ मऊ. अशा धुळीवर कोरडे फडके फिरविले म्हणजे प्रत्येक कण लहानशा छिन्नीसारखा रंगावरून ओढला जातो. लेखाच्या आरंभी वर्णिलेला सकाळचा नित्यक्रमच, गाडी स्वच्छ ठेवण्याच्या सद्हेतूने, तिची चकाकी घालवीत असतो.

या रेघा सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल दिसतात. त्यामुळे पुष्कळांना वाटते की त्या गोलाकार पुसण्यामुळे पडल्या. हा दृष्टीचा भास आहे. स्टीलचे जुने ताट दिव्याखाली धरून पाहावे. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेघांची वर्तुळे दिसतात आणि ताट सरकविले की वर्तुळेही सरकतात. वस्तुतः रेघा सर्व दिशांना पडलेल्या असतात. त्यांपैकी ज्या प्रकाशाला आडव्या असतात त्याच चमकून डोळ्यांत भरतात. विज्ञानाच्या शिक्षकांनी वर्गात करून दाखवावा असा हा बिनखर्चाचा प्रयोग आहे.

पॉलिशने ही रेघ बुजत नाही. तिच्या दोन्ही कडांचा उंचवटा झिजवून पृष्ठभाग रेघेच्या तळापर्यंत खाली आणला जातो. साहजिकच रेघ जितकी खोल तितका थर अधिक खर्ची पडतो. नख आडवे फिरविले असता ते रेघेत अडकत असेल, तर ती पॉलिशने काढण्याच्या पलीकडे गेली असे समजून तिचा नाद सोडावा.

हाताचा आवाका

हाताने घासताना एक कारागीर साधारणतः फूटभर लांबीची ओढ एका सेकंदात पुढे आणि मागे करतो असे धरले, तर फडके सेकंदाला सुमारे ६० सेंटिमीटर अंतर कापते. उलट, दीडशे मिलिमीटर व्यासाची गादी मिनिटाला १,२०० फेऱ्यांनी फिरविली, तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला ९ मीटरांहून अधिक होतो. म्हणजे हाताच्या सुमारे पंधरा पट. हात काही मिनिटांत दमतो आणि त्याचा दाब बदलत राहतो. यंत्र दमत नाही. शिवाय बोटांखाली दाब अधिक व बोटांच्या मधल्या जागी कमी पडतो. म्हणून फडक्यामागे स्पंजाची चपटी गादी धरून काम करण्याची सूचना जाणते कारागीर नवशिक्यांना देतात.

असे असले तरी हाताचे काही गुण यंत्राला येत नाहीत. बोटांना पृष्ठभाग तापल्याचे कळते, खडा अडकल्याचे कळते, कडेवर आल्याचे कळते. दाराच्या मुठीमागील खोलगट जागा, आरशाचे बूड, नंबर-पाटीभोवतालचा भाग, मोटारसायकलच्या टाकीच्या कडा, अक्षरे व बोधचिन्हे यांच्या सभोवारची जागा येथे हातच चालवावा लागतो. शासकीय वाहनांवर नावाचे व योजनांचे चिकटपट्टीचे फलक असतात. यंत्राची गादी त्यांच्या कडेवर आली की पट्टी उचकटते; तेथेही हातच हवा. त्याचप्रमाणे मेण लावण्याचे काम हाताने उत्तम होते. मेण हे पॉलिश नव्हे. ते झिजवीत नाही, वर बसते. कल्हईशी तुलना करावयाची तर ती मेणाशी करता येईल. या कामी प्रसिद्ध असलेले कार्नोबा मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर मिळते. ते पाणी व धूळ यांना काही आठवडे अटकाव करते, मात्र रेघा काढीत नाही.

यंत्राचे दोन प्रकार

पॉलिशची यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची आहेत. पहिल्या प्रकारात गादी एकाच आसाभोवती फिरते. कारागीर याला ‘रोटरी’ म्हणतात. त्याचा वेग बहुधा मिनिटाला ६०० पासून ३,००० फेऱ्यांपर्यंत बदलता येतो. हे यंत्र झपाट्याने झीज करते; खोल रेघा काढण्यास ते समर्थ असते. पण एकाच जागी ते क्षणभर अधिक रेंगाळले तर घर्षणाने पृष्ठभाग तापतो, थर मऊ पडतो आणि पाहता पाहता करपतो. पत्र्यातून उष्णता पसरून जाते. बंपरच्या प्लास्टिकमधून ती तशी पसरत नाही, म्हणून तेथे धोका अधिक. पत्र्याच्या कडांवर व उठावाच्या रेषांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो आणि गादीचा सारा दाब त्या अरुंद जागेवर येतो. यंत्राने रंग खाल्ल्याच्या ज्या तक्रारी ऐकू येतात त्यांतील पुष्कळशा या कडांवरच्याच असतात.

दुसऱ्या प्रकारात गादी स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी तिचा मध्यही लहानशा वर्तुळात फिरत राहतो. या दुहेरी गतीमुळे कोणताही कण एकाच वाटेने सलग ओढला जात नाही. उष्णता कमी निर्माण होते आणि दाब जास्त झाला तर यातील पुष्कळ यंत्रांची गादी फिरावयाची थांबते. जणू यंत्रच चूक करणाऱ्याचा हात धरते. ‘डी. ए.’ या नावाने ओळखले जाणारे हे यंत्र नवशिक्याच्या हाती अधिक सुरक्षित असते. त्याचे काम रोटरीपेक्षा सावकाश चालते, हा दोष मानला तर दोष, एरवी गुणच.

गादीही महत्त्वाची असते. लोकरीची गादी अधिक कापते, मऊ स्पंजाची कमी. म्हणून एकाच यंत्राने, गादी व कंपाउंड बदलून, जोरकस किंवा अगदी हलके काम करता येते. मात्र लोखंड कापण्याच्या ग्राइंडरला लोकरीची गादी बसवून पॉलिश करण्याचा जो प्रकार काही ठिकाणी दिसतो तो सर्वथा टाळावा. लहान ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेऱ्यांनी फिरतो. पॉलिशला त्याच्या एक पंचमांशाहून अधिक वेग सहसा लागत नाही.

पंधरा वर्षांचा हिशेब

सार्वजनिक वाहनांच्या बाबतीत या सर्व विवेचनाला एक व्यावहारिक बाजू आहे. केंद्र शासनाच्या नियमांनुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. याचाच अर्थ असा की गाडीवरचा मूळचा रंग जास्तीत जास्त पंधरा वर्षे टिकला म्हणजे काम झाले. प्रश्न आहे तो तो तेवढा टिकेल कसा, याचा.

समजा, एका गाडीचा पारदर्शक थर ४० मायक्रॉनचा आहे. दरवर्षी तिला जोरकस कंपाउंड लावून यंत्राने घासले आणि प्रत्येक वेळी ३ मायक्रॉन खर्ची पडले, तर पंधरा वर्षांत ४५ मायक्रॉन लागतील. थर शिल्लक उरणार नाही, किंबहुना त्याच्या पुष्कळ आधीच तो निकामी होईल. याउलट, पंधरा वर्षांत दोनदाच असे काम केले आणि एरवी हलक्या हाताने स्वच्छता व मेण एवढ्यावर भागविले, तर ६ मायक्रॉन खर्च होऊन ३४ हाती राहतील. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. गाडीगाडीप्रमाणे ते बदलतील. हिशेबाची रीत मात्र बदलणार नाही. थर हा गाडीबरोबर एकदाच मिळालेला ठेवा आहे. त्यातून काढता येते, त्यात भर घालता येत नाही.

म्हणून देखभालीच्या कामात ‘वार्षिक मशीन पॉलिश’ ही बाब ठराविक म्हणून घालणे इष्ट नव्हे. गाडी चमकदार होऊन परत येते, देयक मंजूर होते आणि काय खर्ची पडले ते कोणाच्याच नजरेस येत नाही. ते नजरेस आणून देणारे साधन आहे. रंगाची जाडी मोजणारे लहानसे उपकरण पत्र्यावर टेकविताच मायक्रॉनमध्ये आकडा दाखविते. पोलादी पत्र्यावर ते चुंबकीय तत्त्वावर व ॲल्युमिनियमवर विद्युत् तत्त्वावर चालते. प्लास्टिकवर मात्र या प्रकारचे उपकरण चालत नाही. ते सर्व थरांची एकत्र जाडी सांगते, पारदर्शक थराची निराळी सांगत नाही. तरीही कामापूर्वी आणि कामानंतर बॉनेट, छत व दारे यांवरील आकडे टिपून गाडीच्या नोंदवहीत लिहून ठेवले तर झीज किती झाली ते कळते. एखाद्या दारावर आकडा एकदम दुप्पट-तिप्पट भरला, तर ते दार पूर्वी दुरुस्त होऊन पुन्हा रंगविले गेले आहे, कदाचित खाली पुट्टी आहे, हेही उमगते.

कारागिराची काळजी

चकाकीच्या या कामात कारागिराच्या प्रकृतीचा विचार बहुधा मागे पडतो. फिरणाऱ्या गादीतून उडणारी कंपाउंडची व लोकरीची भुकटी नाकातोंडात जाते, डोळ्यांत उडते. तोंडावर योग्य मुखपट्टी व डोळ्यांवर चष्मा आवश्यक होय. ओल्या जमिनीवर उभे राहून विजेचे यंत्र चालवावे लागत असल्याने वायर अखंड असणे आणि गळती होताच वीज तोडणारे साधन बसविलेले असणे, या किमान अटी आहेत. गळ्यातील पंचा, सैल बाह्या व हातातील दोरे गादीत गुंतण्याचा धोका असतो.

जुन्या पिवळ्या व नारिंगी रंगांत शिसेयुक्त द्रव्ये वापरली जात. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत सीमित करणारा केंद्रीय नियम २०१६ मध्ये जाहीर झाला, परंतु तो त्या रंगांपुरताच आहे. म्हणून जुने ट्रॅक्टर, ट्रक वा यंत्रे यांचा रंग कोरडा घासू नये. पाणी लावून, ओल्या पेपरने घासावा म्हणजे धूळ उडत नाही; आणि राहिलेला गाळ शेतात किंवा पाणवठ्याकडे वाहू देऊ नये.

यंत्र आल्याने हाताची कला संपली, अशी खंत कधी कधी व्यक्त केली जाते. ती पूर्णतः खरी नाही. कोणती गादी, कोणते कंपाउंड, किती वेग, कोठे थांबावयाचे, हे सर्व कारागिरालाच ठरवावे लागते. श्रम यंत्राने घेतले आहेत. पारख हाताकडेच राहिली आहे. औद्योगिक प्रशिक्षणात मोटारीच्या रंगकामाचा स्वतंत्र व्यवसाय शिकविला जातो. ग्रामीण भागातील तरुणांना त्यात वाव आहे, आणि शिक्षकांनी तो त्यांच्या नजरेस आणून देणे उपयुक्त ठरेल.

निवड कशी करावी ?

या सर्वांचे सार थोडक्यात सांगता येईल. गाडी केवळ मळलेली असेल तर ती पाण्याने धुवावी. कोरडे फडके फिरविण्याची सवय बंद करावी. भरपूर पाणी सोडून आधी धूळ वाहून जाऊ द्यावी. दोन बादल्या घ्याव्यात, एकीत साबणाचे पाणी व दुसरीत फडके खळबळण्याचे स्वच्छ पाणी. पाण्याचा तुटवडा असेल तेथे धूळ तशीच राहू देणे हे ती कोरडी पुसण्यापेक्षा बरे. बोअरच्या जड पाण्याचे थेंब उन्हात वाळले तर पांढरे डाग धरतात, म्हणून सावलीत धुऊन लगेच मऊ फडक्याने टिपून घ्यावे.

रंग निस्तेज दिसत असेल पण रेघा फारशा नसतील, तर हाताने हलके पॉलिश व वर मेण पुरेसे आहे. जुन्या पद्धतीच्या रंगाची जीप किंवा ट्रॅक्टर विटला असेल, तर तेथेही हाताचे काम चांगले साधते. आधुनिक गाडीवर सर्वत्र रेघांचे जाळे पसरले असेल तर यंत्राला पर्याय नाही. मात्र ते दुहेरी गतीचे असावे. प्रथम एका हातभर जागेत सर्वांत सौम्य गादी व कंपाउंड वापरून पाहावे आणि त्याने भागत नसेल तरच एक पायरी वर चढावे. कडा, अक्षरे व फलक यांच्यावर आधी कागदी चिकटपट्टी लावावी आणि त्या जागा हातासाठी राखून ठेवाव्यात. पापुद्रे निघालेले असतील तर पॉलिशवर खर्च करू नये.

आणि शेवटी, शंभर टक्के रेघा गेल्याच पाहिजेत असा हट्ट धरू नये. प्रदर्शनात ठेवावयाच्या गाडीची गोष्ट वेगळी. खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवरून रोज धावणाऱ्या रुग्णवाहिकेवर चार रेघा उरल्या तर काही बिघडत नाही; तिच्यावरचा थर पंधराव्या वर्षीही शिल्लक असला म्हणजे झाले. उद्या सकाळी चालकाच्या हातातील कोरडे फडके जाऊन तेथे पाण्याची बादली आली, तर हाताचे की यंत्राचे, हा प्रश्न वर्षानुवर्षे उपस्थितच होणार नाही.